घडी घातलेले हात

माझ्या पोरीनं हात लावला म्हणून दहा ठोकळे धुतले. धुतले मीच.

मोरीत बसून, सोड्याचं पाणी करून. गुलाबी रंगाचे लाकडी ठोकळे. सगळ्यांत मोठा मुठीत न मावणारा, सगळ्यांत धाकटा बोराएवढा. बालमंदिरातली पोरं ते एकावर एक रचायची, त्याला मनोरा म्हणायची. माझी शेवंती तेव्हा साडेचार वर्षांची. पोरं अंगणात खेळायला गेलेली, वर्ग रिकामा, मी झाडत होते. वळून बघते तर हिनं मनोरा उभा केलेला. दहाच्या दहा ठोकळे, एकही चुकलेला नाही. कुणी शिकवलं नव्हतं. दाराबाहेर बसून बघून बघून शिकली होती. मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू. मनात म्हटलं, बघा माझी पोर.

तेवढ्यात मोठ्या बाई आल्या. बालमंदिर त्यांचं. त्यांच्याच बंगल्याच्या खालच्या मजल्यावर चालायचं. त्या ओरडल्या नाहीत, त्या कधीच ओरडायच्या नाहीत. मनोऱ्याकडे बघितलं, पोरीकडे बघितलं आणि हळू आवाजात मला म्हणाल्या, "मुलं आत यायच्या आधी ते धुऊन टाक. पाण्यात सोडा घाल. उद्या पालकांच्या कानावर गेलं तर मला उत्तर द्यावं लागेल."

मी एकेक ठोकळा घासत होते आणि पोर मोरीच्या दाराशी उभी राहून बघत होती. मध्येच तिनं विचारलं, "आये, घाण लागली?" मी पुढचा ठोकळा पाण्यात बुडवला. धुतलेले ठोकळे उन्हात मांडले. दोन-तीन ठोकळ्यांचा रंग थोडा उडाला, त्याचीही बोलणी मलाच बसली.

हे स्वराज्य आल्यानंतरचं आहे, आधीच सांगून ठेवते. नाहीतर लोक म्हणतात, ते जुन्या काळचं गं, आता कुठं राहिलंय. पंधरा ऑगस्टला त्याच अंगणात झेंडा लागायचा. पोरांना पेढा मिळायचा. शिवाशिव केली तर आता शिक्षा होते, असं आमच्या वस्तीतले शिकलेले लोक सांगायचे. पण बाईंनी शिवाशिव केली असं कोण म्हणणार? त्यांनी स्वच्छता केली.

आम्ही रत्नागिरीकडचे. गावात आमची घरं गावाबाहेर, इथं मरोळला खाणीच्या कडेला. शेवंतीचा बापूस खडीच्या खाणीवर दगड फोडायचा. मला हे काम अंधेरीला रेल्वेच्या फाटकापलीकडे मिळालं होतं. सकाळी पोरीला घेऊन निघायचं, भातखाचरांच्या बांधावरून तासभर चालायचं. घरी तिला ठेवणार कुणाजवळ? खाणीत सुरुंग लावायचे. शेजारणीचं पोर उडालेला दगड लागून गेलं, त्याला वर्षसुद्धा झालं नव्हतं. म्हणून मी बाईंना भीत भीत विचारलं, पोरीला बरोबर आणू का. त्या म्हणाल्या, "आण की. बसू दे ओसरीवर." मला तेव्हा त्यांचे पाय धरावेसे वाटले होते. बरं झालं धरले नाहीत, त्यांना परत आंघोळ करावी लागली असती.

मला तिथं नाव नव्हतं. सगळे आया म्हणायचे. झाडलोट माझी, संडास माझा आणि पोरांचं हगणंमुतणं माझं. तीन-चार वर्षांची पोरं ती, चड्डीत करायची. मी धुवायची, पुसायची, दुसरी चड्डी घालायची. आई सोडून गेली म्हणून एखादं पोर रडत माझ्या गळ्यात पडायचं, तेही चालायचं. तिथं माझा हात चालायचा. पाण्याच्या हंड्याला चालायचा नाही, खाऊच्या डब्याला चालायचा नाही. त्याला पार्वती होती. तीही कोकणातलीच, पण कुणबी. माझ्याशी गप्पा मारायची, पान खायची, आणि पाणी मात्र वरून ओतायची. दोघींपैकी कुणीच त्यावर बोललो नाही कधी.

बाई वाईट नव्हत्या. हेच सांगायला मला जड जातं. वाईट असत्या तर चार शिव्या घालून मोकळी झाले असते. शेवंतीला ताप आला तेव्हा त्यांनी औषधाची पुडी दिली होती. लांबूनच हातावर टाकली, पण दिली. "मी जात मानत नाही हं," असं त्या मला दोनदा-तीनदा म्हणाल्या होत्या. "पण पालक असतात ना. त्यांच्यावर बालमंदिर चालतं." पालक बिचारे काय म्हणत होते ते मी कधी ऐकलं नाही. बाईच त्यांच्या वतीनं बोलायच्या.

ठोकळे वाळले तशा बाई परत आल्या आणि म्हणाल्या, "हिला आवर घाल. बसायचं तर बसू दे, पण कशाला हात लावता कामा नये. नाहीतर उद्यापासून आणू नकोस."

बाईंनी हे एकदाच सांगितलं. पुढचं सगळं मी केलं. हे मला कुणावर ढकलता येत नाही.

वर्गात पोरांना गप्प बसवायचं असलं की शिकवणाऱ्या ताई म्हणायच्या, "हाताची घडी, तोंडावर बोट." पोरं क्षणभर घडी घालायची आणि मग सोडून द्यायची. ताई हसायच्या. मी तेच उचललं. शेवंतीला ओसरीच्या कोपऱ्यात गोणपाटावर बसवलं आणि म्हटलं, "हाताची घडी घाल. मी सांगेपर्यंत सोडायची नाय. सोडली नाय तर तू सगळ्यांत शहाणी." तिला तो खेळच वाटला. पहिल्या दिवशी घटकाभर बसली. दुसऱ्या दिवशी सुट्टी होईपर्यंत. तिसऱ्या दिवशी एक चेंडू घरंगळत तिच्या पायाशी आला आणि तिनं हात पुढं केला. मी धावत जाऊन हातावर फटका मारला. चांगला सणसणीत. बाई खिडकीतून बघत होत्या, त्यांना दिसावा म्हणूनच मारला. पोर रडली नाही. तिनं परत घडी घातली. त्यानंतर तिला परत मारावं लागलं नाही.

मला वाटलं, सुटले. काम टिकलं, पोर डोळ्यांसमोर राहिली. आणखी काय पाहिजे माणसाला?

महिना झाला, दोन झाले. घरी भाकरी वाढली की ती भाकरीकडे बघत बसायची. मी "घे" म्हटल्याशिवाय घ्यायची नाही. चुलीत लाकूड सारायची, कोंबडीमागे धावायची, शेजारणीच्या जात्यातलं पीठ उडवायची, अशी होती ती आधी. आता उंबऱ्यावर बसायची, हाताची घडी घालून. शेजारणी म्हणायच्या, पोर गुणाची आहे हो तुझी. मीही म्हणायची, आहे खरी. बापूस मात्र म्हणायचा, "हिला काय झाला गो? बरी नाय काय?" मी म्हणायची, शाळेची हवा लागली. असं बोलले मी. जीभ कशी झडली नाही.

एका शुक्रवारी घरी परतताना ती बांधावर अडखळली. पुढं पडली. माणूस पडताना हात आपोआप पुढं येतात. लहान पोराचेही येतात, म्हाताऱ्याचेही येतात, कुणी शिकवावं लागत नाही. तिचे आले नाहीत. चालतानाही घडी घातलेली होती तिनं, ती तशीच राहिली, आणि हनुवटी दगडावर आपटली. फाटली. केवढं रक्त. माझा पदर भिजला. तिला उचलून धावत घरी आले. बापसानं हळद भरली, फडकं बांधलं आणि तिला मांडीवर घेऊन विचारलं, "हात पुढं का नाय केलास गो, बाय?"

ती म्हणाली, "हात लावायचा नाय."

त्यानं माझ्याकडे बघितलं फक्त. त्यानं मारलं असतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी शनिवार, महिन्याची पालकसभा. तरी गेले. तिला कडेवर घेऊन गेले, कारण मागे ठेवायला जागा नव्हती. सतरंज्या घातल्या आणि नेहमीसारखी दाराआड उभी राहिले. पोर कोपऱ्यात, गोणपाटावर. हनुवटीला फडकं, हाताची घडी.

या सभा मी दोन वर्षं ऐकत होते. बाई फार सुंदर बोलायच्या. मुलाला मारू नका, भीती घालू नका, त्याच्या वेळेनं शिकू द्या. मला सगळं पाठ होतं. पोरांच्या आयांना नसेल इतकं. त्या दिवशी एका वकिलाच्या बायकोनं विचारलं, "आमचा मधू जेवताना सगळं चिवडतो हो. भात सांडतो. मी त्याचे हात धरून भरवते. चुकतं का माझं?"

बाई म्हणाल्या, "हात धरू नका. सांडू दे त्याला. मूल हातानं शिकतं, हातानं विचार करतं. आज तुम्ही त्याचा हात अडवलात तर उद्या त्याचा स्वतःवर भरवसा राहणार नाही. मोठेपणी कुठं पुढं व्हायची वेळ आली तर ते मागं राहील."

सगळ्या बायका माना डोलवत होत्या. माझीही मान हलली. खरंच सांगते, हलली. बोलणं खरंच होतं ना. मग माझ्या लक्षात आलं की मी कुणाबद्दल ऐकतेय.

सभा संपली. बायका चपला घालायला ओसरीवर आल्या. वकिलाच्या बायकोचं लक्ष शेवंतीकडे गेलं. ती बाईंना म्हणाली, "ही आयाची मुलगी ना? किती शहाणी बसलीय. जागची हलत नाही."

बाई हसल्या. म्हणाल्या, "हो. छान वळण लागलंय तिला."

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं म्हणतात. पण बाई कोरड्या नव्हत्या, हे मला तिथं उभ्या उभ्या कळलं. मधूसाठी त्यांना खरंच वाटत होतं. मधूनं भात सांडला तर त्यांना आनंद झाला असता. त्यांच्या लेखी पोरं दोन जातींची होती, एवढंच. एकीचे हात अडवले तर नुकसान. दुसरीचे अडवले तर वळण. आणि ते वळण लावणारी मी. आपलेच दात, आपलेच ओठ. त्या दिवशी बाईंचा राग आला त्याच्या दुप्पट मला माझा आला.

रविवार नुसता बसून काढला. सोमवारी पोरीला अंघोळ घातली, धुतलेलं परकर-पोलकं घातलं आणि गेले. प्रार्थना झाली, पोरं पाटांवर बसली. मी शेवंतीला ओसरीवरून उचललं आणि आत नेऊन खिडकीजवळच्या रिकाम्या पाटावर बसवलं. मधूच्या शेजारी. मधूनं तिच्याकडे बघितलं आणि सरकून बसला. जागा करून द्यायला सरकला, विटाळानं नाही. ते त्याला अजून शिकवलेलं नव्हतं.

बाई आल्या. "हे काय?"

मी म्हटलं, "शिकायला बसवलीय."

"अगं, असं नाही करता येत. आधी बोलायचं माझ्याशी. उठव तिला."

"शनिवारी तुम्ही बोललात ते मी ऐकलं, बाई. ते कुठल्या पोरांसाठी होतं?"

त्या लाल झाल्या. आवाज मात्र तसाच, हळू. "ते वेगळं. तू मला अडचणीत आणतेयस. उठव तिला."

"मी नाही उठवणार. उठवायची तर तुम्ही उठवा. हाताला धरून."

एवढंच म्हटलं. मी ते ठरवून म्हटलं नव्हतं, तोंडातून गेलं. पण गेल्यावर कळलं की आता बाईंना जागा नाही. पोरीला उठवायचं तर तिला शिवावं लागणार. सगळ्या पोरांदेखत. ताई भिंतीकडे बघायला लागल्या. बाईंचा हात थोडा पुढं आला, मी बघितला, आणि परत पदरात गेला. त्यांनी पार्वतीला हाक मारली. पार्वती दाराशी आली, सगळं तिच्या ध्यानात आलं, आणि म्हणाली, "माझे हात खाऊचे हत, बाई." आणि निघून गेली. माझी बाजू घेतली की विटाळ टाळला, मला अजून ठाऊक नाही. मी विचारलंही नाही.

मग बाईंनी वेगळंच केलं. टाळ्या वाजवल्या आणि गोड आवाजात म्हणाल्या, "चला बाळांनो, आज आपला वर्ग झाडाखाली." पोरं हुर्रे करत उठली आणि पळाली. मधूही पळाला, पोरच ते. ताई गेल्या, बाई गेल्या. वर्गात आम्ही दोघी उरलो आणि ती सगळी खेळणी. मांडणीवर मणी, भोकांत लाकडी दट्टे बसवायच्या पेट्या, मनोऱ्याचे ठोकळे.

मी म्हटलं, "घे, शेवंते. काय पाहिजे ते घे."

ती घेईना. घडी सोडीना.

"आता कोण नाय बोलणार. घे गो, बाय."

नाहीच. मी तिच्यापुढं खाली बसले, तिचे दोन्ही हात धरले आणि सोडवायला लागले. साडेचार वर्षांच्या पोरीच्या हातांत एवढं बळ असतं हे मला माहीत नव्हतं. ती घाबरून माझ्याकडे बघत होती. तिला वाटलं, मी परत मारणार. बाहेर झाडाखाली गाणं चाललं होतं. मी तिथंच फरशीवर बसून रडले. दोन वर्षांत त्या घरात पहिल्यांदा रडले, आणि तेही रिकाम्या वर्गात. मग पोरीला कडेवर घेतलं आणि पुढच्या दारानं निघाले. इतके दिवस मागच्या दारानं जात-येत होते. पुढच्या दारानं गेले म्हणून काही आभाळ कोसळलं नाही. कुणी बघितलंही नसेल.

काम गेलं. मी खाणीवर जायला लागले, बापसाबरोबर. सुरुंगाची वेळ झाली की पोरीला घेऊन लांब पळायचं आणि बाकी वेळ ती खडीच्या ढिगाशी. तिथं तिला कुणी काही सांगितलं नाही, मी तर नाहीच नाही. पहिले पंधरा-वीस दिवस ती नुसती बसून होती. मग एकदा खडा उचलला. मी बघितलं नाही असं दाखवलं, फोडत राहिले. त्या धुळीत, त्या उन्हात तिचे हात सुटले, पण पुरे सुटले नाहीत. कुणी अनोळखी माणूस दिसला की ते आजही छातीशी जातात. हे मी केलं. बाईंनी सांगितलं आणि मी केलं, असं दोन्ही म्हणते मी, एक झाकून दुसरं सांगत नाही.

दोन वर्षांनी जूनमध्ये तिला म्युनिसिपालिटीच्या शाळेत घातलं. मास्तरांनी नाव लिहिलं, जात विचारली, मी सांगितली. मोठ्यानं सांगितली. वर्गात पुढच्या रांगेत जागा होती, तिला तिथं बसवलं. मास्तर म्हणाले, "तिथं नको. मागं भिंतीशी बसव."

"का, मास्तर?"

"तिथं पाण्याचा माठ आहे ना शेजारी."

मी दमले होते. आदल्या दिवसभर दगड फोडलेला, खांदे भरून आले होते. भांडायला अंगात काही नव्हतं. भांडायची गरजही वाटली नाही.

"मग माठ हलवा," मी म्हटलं.

मास्तर खडू शोधायला लागले. मी दारातच खाली बसले, भिंतीला पाठ लावून. त्यांना सांगितलं, आज बसते, उद्या बसते, खाणीवर सांगून आलेय. तुम्ही माठ हलवाल किंवा नाही हलवणार, ते तुमचं तुम्ही बघा. माझी पोर तिथून उठणार नाही. ज्या दिवशी तिला उठवाल त्या दिवशी मी येऊन तिच्या जागेवर बसेन, मग मला उठवा.

त्यांनी फळ्यावर अ काढायला सुरुवात केली. मी बसून राहिले.